जीएम पिकांच्या सेफ्टीवर काम करायचंय? बोंडं फोडता फोडता शिकलेलं

दरवर्षी रिझल्ट लागले की मला फोन यायला लागतात. ताई, ॲग्री बायोटेक घेऊ का, स्कोप आहे का, पॅकेज किती मिळतं. त्यात एखाददुसरा असा असतो ज्याला खरंच जाणून घ्यायचं असतं की हे जीएम, म्हणजे बाहेरचा जीन टाकलेलं, बियाणं मातीला, जनावराला, माणसाला धोक्याचं आहे की नाही हे कुणी तपासतं का, आणि ते तपासायचं काम आपल्याला करता येईल का. हे सगळं त्या एखाददुसऱ्यासाठी लिहितेय. मी गेली बारा वर्षं कपाशीत हेच काम करतेय, आधी कीटकशास्त्रात एमएस्सी, मग एका प्रोजेक्टवर जेआरएफ (संशोधनाची फेलोशिप), मग पीएचडी आणि आता पूर्णवेळ बायोसेफ्टी. गाव यवतमाळ जिल्ह्यातलं, बाबांचं वावर कोरडवाहू, पऱ्हाटी आणि मधे तुरीची तासं. मार्च २००२ मध्ये देशात बीटी कपाशीला (जिवाणूचा जीन टाकल्यामुळे बोंडअळीला मारणारं प्रोटीन झाडातच तयार करणारी कपाशी) परवानगी मिळाली तेव्हा मी शाळेत होते, आणि पुढच्या चार-पाच वर्षांत आमच्या गावात बीटी सोडून दुसरं पाकीट मिळेनासं झालं. म्हणजे ज्या गोष्टीवर मी आता काम करते ती माझ्या डोळ्यांसमोर धुऱ्याच्या अलीकडे-पलीकडे वाढलेली आहे.

पहिला धडा पहिल्याच दिवशी मिळाला. एमएस्सीचा विषय घेऊन मी गाईडकडे गेले, 'बीटी कपाशीचा मित्रकिडींवर होणारा परिणाम' असं टायटल, मला वाटलं भारी आहे. सरांनी कागद वाचला आणि एवढंच विचारलं, "कशाच्या तुलनेत?" मी म्हटलं नॉन बीटीच्या. "कोणत्या नॉन बीटीच्या? तोच हायब्रीड का दुसरा? दोन्हीवर फवारणी करणार का एकावर? कोणत्या औषधाची? पेरणी एकाच दिवशी?" माझ्याकडे एकाही प्रश्नाचं उत्तर नव्हतं. पण या क्षेत्रात येणाऱ्याला मी आजही सगळ्यात आधी हेच सांगते. समजा बीटीच्या प्लॉटवर तुम्ही फवारलं नाही, नॉन बीटीवर बोंडअळीसाठी चार फवारण्या केल्या आणि मग ढालकिडे, क्रायसोपा, कोळी असे किडी खाणारे मित्रकिडे मोजले, तर बीटीत ते जास्तच दिसणार, पण तुम्ही जे मोजलं तो फवारणीचा परिणाम आहे, जीनचा नाही. उलट दोन्हीकडे काहीच फवारलं नाही तर जीनचा परिणाम कळेल, पण कुठलाच शेतकरी तशी शेती करत नाही. दोन्ही प्रश्न खरे आहेत, दोन्हीची उत्तरं वेगळी येतात, आणि पेपरमधल्या, व्हॉट्सॲपवरच्या, भाषणातल्या निम्म्या भांडणांचं मूळ इथंच असतं की एकजण एका प्रश्नाचं उत्तर देतोय आणि दुसरा दुसऱ्या प्रश्नाचं.

म्हणून कंट्रोल प्लॉट, म्हणजे तुलनेसाठीचा नॉन बीटीचा प्लॉट, जीवापाड सांभाळायचा असतो. माझा पहिल्याच वर्षी हातचा गेला. नॉन बीटी म्हणून जे बियाणं मिळालं ते लावलं, साठ दिवस नोंदी घेतल्या आणि मग एका सीनिअर मॅडमनी सहज विचारलं की स्ट्रिप मारून बघितलीस का. स्ट्रिप म्हणजे प्रेग्नन्सी टेस्टसारखीच पट्टी असते, पानाचा चकतीएवढा तुकडा छोट्या ट्यूबमध्ये घ्यायचा, बफर टाकून काडीने चांगला चेचायचा, पट्टी उभी करायची आणि दहा मिनिटं थांबायचं. एक रेघ आली तर पट्टी चालू आहे एवढाच अर्थ, दुसरी रेघ आली की क्राय, म्हणजे बीटीचं अळी मारणारं, प्रोटीन आहे. मी वावरातच बांधावर बसून केलं, आणि पहिल्या दहा झाडांतच दुसरी रेघ उमटायला लागली, फिकट नाही, चांगली ठसठशीत. माझ्या कंट्रोलमध्ये बीटी मिसळलेलं होतं, कुठून आलं ते कधीच कळलं नाही. एक हंगाम गेला आणि स्टायपेंड चालू असताना घरी काय सांगायचं तेही कळेना. तेव्हापासून नियम असा की पेरायच्या आधी बियाणं तपासायचं, उगवल्यावर प्रत्येक झाडाचं पान तपासायचं आणि मगच टॅग लावायचा. टॅगवर पेन्सिलीने लिहा, जेल पेन एका पावसात धुऊन जातो.

हे झालं कंट्रोलचं. आता धोका (विष आहे का) आणि संपर्क (ते शेतात खरंच किती पोचतं) यातला फरक, हा समजायला मला सगळ्यात जास्त वेळ लागला आणि तो समजला मोनार्क फुलपाखराच्या गोष्टीतून. १९९९ मध्ये अमेरिकेत कॉर्नेल विद्यापीठाच्या संशोधकांनी 'नेचर'मध्ये एक छोटासा पेपर छापला. मोनार्कच्या अळ्या मिल्कवीड नावाच्या झुडपावर जगतात, आपल्या रुईच्याच कुळातलं झुडूप ते. त्या पानांवर बीटी मक्याचे परागकण भुरभुरून अळ्यांना खायला दिले, चार दिवसांत ४४ टक्के मेल्या, साध्या मक्याचे पराग टाकलेल्या पानांवर एकही मेली नाही. जगभर बोंबाबोंब झाली आणि व्हायलाच पाहिजे होती. पण पुढे काय झालं ते फार कमी लोक सांगतात. अनेक विद्यापीठांच्या टीम एकत्र आल्या, शेतात खरंच पानावर किती परागकण पडतात ते मोजलं, मक्याला तुरे यायची वेळ आणि अळ्यांची वेळ किती जुळते ते पाहिलं, आणि २००१ मध्ये पेपरांची मालिका आली की बहुतेक बीटी मक्यांच्या परागाचा शेतातल्या अळ्यांना धोका नगण्य आहे, फक्त १७६ नंबरच्या इव्हेंटचा (जीन टाकून तयार केलेल्या एका ठरावीक ओळीचा) पराग खरोखर विषारी होता आणि तो मका बाजारातून गेला.

गोष्ट इथं संपली असती तर सोपं होतं. पण मोनार्क कमी होत गेलेच आणि त्यामागचं एक मोठं कारण नंतर पुढे आलं ते तणनाशक सहन करणारं सोयाबीन आणि मका. ग्लायफोसेट मारलं की शेतातलं सगळं तण जातं, त्यात मिल्कवीडही गेलं, अळीला खायलाच काही उरलं नाही. म्हणजे सगळे परागकणात विष शोधत होते आणि नुकसान झालं ते शेती करायची पद्धत बदलल्यामुळे. मी हे इतकं लांबण लावून सांगतेय कारण आपल्याकडे तेच चालू आहे. एचटीबीटी, म्हणजे तणनाशक सहन करणाऱ्या बीटी कपाशीला आजही परवानगी नाही, तरी २०१९ मध्ये अकोला जिल्ह्यात अकोट भागात शेतकऱ्यांनी जाहीरपणे लावली, आणि चोरून लावणारे तर गावोगावी आहेत. त्यांचं कारण मला पटतं, निंदणाला बाया मिळत नाहीत आणि मिळाल्या तर मजुरी परवडत नाही. पण मग आपण फक्त जीनचं प्रोटीन तपासून थांबायचं का? धुऱ्यावरचं तण गेलं तर तिथल्या मधमाश्या, मित्रकिडी, शेळ्यांचा चारा, निंदणावर घर चालवणाऱ्या बाया यांचं काय होतं हे कोण मोजणार? चोरून लावलेल्या पिकाचा अभ्याससुद्धा उघडपणे करता येत नाही. नवीन येणाऱ्यांसाठी इथं कामाचा डोंगर पडलाय असं मला मनापासून वाटतं.

आता बोंडअळी. माझं खरं काम हेच, त्यामुळे इथं जरा जास्त लिहिणार.

बीटीतलं क्राय प्रोटीन अळीच्या पोटात जातं, तिचं आतडं अल्कधर्मी असतं, तिथं ते सुटं होतं, आतड्याच्या पेशीवरच्या ठरावीक रिसेप्टरला चिकटतं, पेशीला भोकं पडतात आणि अळी खायची बंद होऊन मरते. माणसाचं पोट आम्लधर्मी आणि आपल्या आतड्यात तो रिसेप्टर नाही, म्हणून ते प्रोटीन आपल्याकडे साध्या प्रोटीनसारखं पचतं. कुलूप-किल्लीचा हिशोब आहे. आणि म्हणूनच अळीने कुलूप बदललं की किल्ली वाया. गुलाबी बोंडअळीने तेच केलं. २००२ च्या बीटीत एकच जीन होता, क्राय वन एसी, २००६ मध्ये क्राय टू एबी जोडून बोलगार्ड टू आलं. २०१० मध्ये गुजरातमधल्या अमरेली, भावनगर, जुनागढ, राजकोट या जिल्ह्यांतल्या गुलाबी अळीत पहिल्या जीनविरुद्ध प्रतिकारशक्ती आल्याचं जाहीर झालं, पुढच्या काही वर्षांत दुसऱ्या जीनचंही तेच झालं आणि २०१७ ला आमच्याकडे गुलाबी अळीने बीटीचीच बोंडं पोखरली ते सगळ्यांनी पाहिलं.

नागपूरच्या केंद्रीय कापूस संशोधन संस्थेतल्या शास्त्रज्ञांनी खूप आधी मोजून दाखवलं होतं की बीटी प्रोटीन झाडात सगळीकडे सारखं नसतं. पानात भरपूर, पण बोंडाच्या हिरव्या सालीत आणि फुलाच्या आतल्या बीजांडकोशात कमी, आणि पीक म्हातारं होत जातं तसं अजून कमी. गुलाबी अळी पान खात नाही. ती पातीत, फुलात आणि मग बोंडात शिरते आणि आतली सरकी खाते. आता आपलं जवळपास सगळं बीटी हायब्रीड आहे, म्हणजे झाडात जीनची एकच प्रत, त्यामुळे त्या झाडाच्या बोंडातल्या सरक्यांमध्ये जीन वाटला जातो, दर चार सरक्यांत एकीत पहिला जीन नसतो आणि साधारण सोळात एकीत दोन्ही नसतात. एकाच बोंडात अळी एका सरकीतून दुसरीत जाते, कुठे विष, कुठे अर्धं विष, कुठे काहीच नाही. अळीला सवय लावायची याहून चांगली शाळा नाही. हे मी पुस्तकात वाचलं होतं, पण प्रयोगशाळेत बसून एकाच बोंडातल्या वेगवेगळ्या सरक्यांवर स्ट्रिप मारून कुठं रेघ कुठं काहीच नाही असं समोर पाहिलं तेव्हा हात थांबले होते. हे बियाणं मंजूर करताना जीन सुरक्षित आहे का हे तपासलं गेलं, पण तो जीन हायब्रीडच्या बोंडात, सहा-सात महिने वावरात उभ्या राहणाऱ्या पिकात कसा वागेल हा प्रश्न तितक्या जोरात विचारला गेला नाही असं माझं स्पष्ट मत आहे.

अमेरिकेतही हीच अळी होती. तिथं हायब्रीड नाही तर सरळ वाण, पीक वेळेवर काढून टाकायचं, नॉन बीटीचा पट्टा किंवा नंतर वांझ केलेले पतंग विमानातून सोडायचे, असं सगळं एकत्र करून २०१८ मध्ये तिथल्या कापूस पट्ट्यातून गुलाबी अळी संपल्याचं सरकारने जाहीर केलं. जीन तेच होते. आपल्याकडे ४५० ग्रॅमच्या पाकिटासोबत १२० ग्रॅम नॉन बीटीचं वेगळं पाकीट यायचं, ते चारी बाजूंनी पाच ओळी लावा असा नियम, त्या ओळींनाच रेफ्युजी म्हणतात. माझ्या बाबांनी ते कधीच लावलं नाही. का लावतील? लावलं तर त्याच ओळीत अळी पडणार, त्यावर फवारा मारावा लागणार, एवढ्या जागेचा कापूस गेला आणि शेजाऱ्याने लावलंच नाही तर उपयोग काय, आणि दुकानदाराने कधी समजावून सांगितलं नाही की त्या ओळीत साध्या अळ्या जगल्या पाहिजेत म्हणजे त्यांचं लग्न प्रतिकारक अळ्यांशी होऊन पुढची पिढी बीटीने मरेल. रेफ्युजीला तूर पण चालेल असं सांगायचे, ते हिरव्या अमेरिकन बोंडअळीसाठी ठीक, गुलाबी अळी तुरीवर जगतच नाही. आता नॉन बीटी त्याच पाकिटात मिसळून देतात. बाबांशी मी यावर एमएस्सीत असताना खूप भांडले, आता नाही भांडत. जो नियम पाळला तर शेतकऱ्याचं नुकसान आणि न पाळला तर सगळ्यांचं, तो नियम शेतकऱ्याच्या एकट्याच्या खांद्यावर टाकणं चूक होतं. सेफ्टीचा अभ्यास करताना हे पण डेटा म्हणून धरा, माणसं सूचना पाळतील हे गृहीत धरून केलेला अंदाज वावरात टिकत नाही.

आणि २०१७. त्या वर्षी यवतमाळ जिल्ह्यात फवारणी करताना विषबाधा होऊन वीसहून जास्त शेतकरी-शेतमजूर गेले. आमच्या शेजारच्या गावातला एक मुलगा माझ्या भावाच्या वर्गातला, तो वाचला, पण कित्येक दिवस त्याला डोळ्यांनी नीट दिसत नव्हतं. मी त्या सप्टेंबरमध्ये ट्रायल प्लॉटवर होते आणि माझ्या नोंदवहीत 'मित्रकिडी प्रति झाड' चे कॉलम होते, फवारणाऱ्याचा कॉलम नव्हता. बीटी आल्यावर सुरुवातीची वर्षं बोंडअळीच्या फवारण्या खरंच कमी झाल्या होत्या, हे मी घरी पाहिलंय, पण नंतर तुडतुडे, फुलकिडे, पांढरी माशी यांच्यासाठी फवारा वाढला आणि गुलाबी अळी परत आली तेव्हा लोकांनी मिळेल ते मिसळून मारलं. आता मी कुठल्याही प्लॉटची नोंद घेताना फवारणी कुणी केली, काय घातलं होतं, कोणती दोन औषधं एकत्र केली हे लिहितेच लिहिते. कुणी मागितलेलं नसतं तरी.

आता जरा कामाचं बोलू, कारण फोनवर हेच विचारतात.

बेसिक डिग्री कुठली? बीएस्सी ॲग्री, बीटेक बायोटेक, साधी बीएस्सी झूलॉजी-बॉटनी काहीही चालतं, पण शेतात उभं राहायची तयारी पाहिजे. आपल्याकडे लातूर आणि यवतमाळला कृषी जैवतंत्रज्ञानाची सरकारी कॉलेजं आहेत, शिवाय अकोला, परभणी, राहुरी, दापोली ही चार विद्यापीठं. पीजीसाठी राज्याची सीईटी आहे, आयसीएआरची परीक्षा आहे आणि बायोटेकसाठी गॅट-बी. माझा सल्ला असा की फक्त बायोटेकच्या मागे धावू नका. जीन टाकायला शिकवणारे खूप आहेत, पण जीन टाकल्यावर बाहेर काय होतं हे बघायला कीटकशास्त्र, मृदाशास्त्र, तणशास्त्र, पशुपोषण, विषशास्त्र असली माणसं लागतात आणि ती कमी आहेत. आणि स्टॅटिस्टिक्स मनापासून करा, आकडेमोडीचं आर हे सॉफ्टवेअर शिका. किती रिपीटेशन घेतले तर किती मोठा फरक पकडता येईल हे प्रयोगाच्या आधी काढता आलं पाहिजे. चार प्लॉट घ्यायचे, फरक दिसला नाही की 'परिणाम नाही' असं लिहून मोकळं व्हायचं, असे रिपोर्ट मी पाहिलेत. फरक दिसला नाही आणि फरक नाही या दोन वेगळ्या गोष्टी आहेत, जाळीच मोठ्या भोकांची असेल तर मासा नव्हता असं कसं म्हणणार.

कायदा वाचा, खरंच वाचा, आपल्या लोकांना कंटाळा येतो. सगळा डोलारा १९८६ च्या पर्यावरण संरक्षण कायद्याखालच्या १९८९ च्या नियमांवर उभा आहे. प्रत्येक संस्थेत एक बायोसेफ्टी कमिटी, तिच्यावर बायोटेक्नॉलॉजी विभागाची आरसीजीएम ही आढावा समिती, तिच्यावर पर्यावरण मंत्रालयाची जीईएसी ही मूल्यांकन समिती. शेतातली ट्रायल आधी बीआरएल वन (बायोसेफ्टी ट्रायलचा पहिला टप्पा), त्यात एका ठिकाणी एक एकरपेक्षा जास्त नाही, मग बीआरएल टू, अडीच एकरपर्यंत, आणि राज्य सरकारची एनओसी लागते. कुंपण, कुलूप, आजूबाजूला त्या त्या पिकाचं ठरलेलं अंतर, कोण आत आलं कोण गेलं याचं रजिस्टर, काढणी झाली की उरलेलं सगळं तिथंच नष्ट, आणि पुढच्या हंगामात त्या जागेवर आपोआप उगवलेली झाडं शोधून उपटायची. हे शेवटचं काम सगळ्यात कंटाळवाणं, आणि सगळ्यात जास्त चुका तिथंच होतात कारण तोवर प्रोजेक्टचे पैसे संपलेले असतात. प्रयोगशाळेतही तसंच, ट्रान्सजेनिक रोपाचा प्रत्येक तुकडा ऑटोक्लेव्ह होऊनच (दाबाखालच्या वाफेत मारूनच) बाहेर जायला पाहिजे. एका ठिकाणी मी टिश्यू कल्चरच्या बाटल्या तशाच बेसिनमध्ये धुताना पाहिल्या, बोलले तर 'तू नवीन आहेस' असं ऐकावं लागलं. मी कमिटीला लेखी दिलं. थोडे दिवस लोक बोलायचे बंद झाले, पण बाटल्या ऑटोक्लेव्ह व्हायला लागल्या.

पिकाप्रमाणे प्रश्न बदलतो हे पण लक्षात ठेवा. कपाशीत अमेरिकन जातीचा पराग आपल्या देशी कपाशीवर पडला तरी सहसा संकर होत नाही, क्रोमोसोम एकीकडे ५२ आणि दुसरीकडे २६, त्यामुळे तिथं जीन पसरायची भीती कमी. वांग्याचं तसं नाही. वांगं आपल्याच भूमीतलं, त्याचे रानटी नातेवाईक इथंच बांधावर, जळगावचं भरताचं वांगं वेगळं, सांगलीकडचं वेगळं, तिथं पराग कुठे जातो हा मुख्य प्रश्न होतो. बीटी वांग्याला १४ ऑक्टोबर २००९ ला जीईएसीने हिरवा कंदील दाखवला, मग तेव्हाचे पर्यावरण मंत्री जयराम रमेश यांनी सात शहरांत जनसुनावण्या घेतल्या, त्यात आपलं नागपूरही होतं, आणि ९ फेब्रुवारी २०१० ला स्थगिती दिली. बांगलादेशने २०१३ मध्ये तेच वांगं मंजूर केलं. नवीन मुलांना मी सांगते की २००९ चा तज्ज्ञ समितीचा अहवाल आणि २०१० चा मंत्र्यांचा निर्णय दोन्ही शेजारी ठेवून वाचा, आठवडा लागेल, पण कॉलेजच्या दोन सेमिस्टरपेक्षा जास्त शिकाल. मोहरीत पुन्हा तिसरा प्रश्न, मधमाश्या आणि तणनाशक. डीएमएच-११ या जीएम मोहरीला ऑक्टोबर २०२२ मध्ये परवानगी मिळाली, जुलै २०२४ मध्ये सुप्रीम कोर्टाच्या दोन न्यायमूर्तींची मतं वेगवेगळी पडली.

खाण्याच्या सुरक्षिततेचं काम वेगळ्या लोकांचं, मी त्यात थोडीच वर्षं होते. नवीन प्रोटीन नकली जठररसात किती मिनिटांत पचतं, माहीत असलेल्या ॲलर्जीच्या प्रोटीनशी त्याची रचना जुळते का, उंदरांवर ९० दिवस खायला घालून चाचणी, असं ते चालतं. ही चाळणी काम करते याचं उदाहरण १९९६ चं, सोयाबीनमध्ये ब्राझील नटचा जीन टाकला होता, ॲलर्जी असलेल्या लोकांच्या रक्तात तपासल्यावर ॲलर्जी करणारं प्रोटीनच सोबत आल्याचं दिसलं आणि ते सोयाबीन तिथंच थांबवलं. गावात मला कायम विचारतात की बीटीच्या सरकीची ढेप गायीला चालते का, दुधात उतरतं का. कपाशीच्या मंजुरीआधी कर्नालला दुभत्या गायींवर, इज्जतनगरला कोंबड्यांवर आणि मुंबईच्या मत्स्य शिक्षण संस्थेत माशांवर खाद्याच्या चाचण्या झाल्या होत्या, त्यात वाईट परिणाम दिसला नाही, हे मी सांगते. आणि हेही सांगते की त्या चाचण्या ठरावीक दिवसांच्या होत्या. आईला मी हेच उत्तर दिलं आणि आमच्याकडे ढेप चालू आहे.

नोकऱ्या? आहेत, पण एका ठिकाणी नाहीत. नेट काढलं तर जेआरएफला २०२३ पासून महिन्याला ३७,००० आणि घरभाडं, प्रोजेक्ट असिस्टंटला बरंच कमी आणि तेही तीन-तीन महिने अडकतं, ही तयारी ठेवा. बियाणे कंपन्यांत रेग्युलेटरी अफेअर्स, जीएम तपासणाऱ्या लॅब (बाहेरून येणाऱ्या ठरावीक पिकांना नॉन-जीएम सर्टिफिकेट लागायला लागल्यापासून तिथं काम वाढलंय), कृषी विद्यापीठं, केव्हीके (कृषी विज्ञान केंद्रं), आणि आता जीनोम एडिटिंग, म्हणजे पिकाच्या स्वतःच्या जीनमध्ये नेमका बदल करणं. मार्च २०२२ मध्ये ज्या एडिटिंगमध्ये बाहेरचा जीन राहत नाही अशा दोन प्रकारांना १९८९ च्या नियमांतल्या बऱ्याच अटींतून सूट दिली, आणि मे २०२५ मध्ये अशा भाताचे दोन वाण जाहीर झाले, कमला आणि पुसा डीएसटी राइस १. सूट मिळाली म्हणजे निरीक्षण थांबवायचं असं मला वाटत नाही. चाचण्या कमी झाल्या तर वावरात गेल्यावर बघणाऱ्यांची गरज उलट वाढते.

एक गोष्ट अवघड जाईल ती आधीच सांगते. तुम्ही मीटिंगमध्ये म्हणालात की अमुक जीनचा गांडुळांवर परिणाम आढळला नाही, तर एक बाजू तुम्हाला कंपनीचा दलाल म्हणेल. पुढच्याच महिन्यात तुम्ही म्हणालात की प्रतिकारशक्ती येतेय, तर दुसरी बाजू तुम्हाला विज्ञानविरोधी म्हणेल. माझ्यासोबत एकाच वर्षात दोन्ही झालंय, आणि रात्री घरी येऊन रडलेय पण. उपाय मला एकच सापडला. पैसा कुणाचा हे पहिल्या पानावर लिहायचं, कच्च्या नोंदी जपून ठेवायच्या, ज्याला बघायच्या त्याला दाखवायच्या, आणि प्रश्न मोठा झाला की त्याचे तुकडे करायचे, कोणतं पीक, कोणता जीन, कोणता किडा, किती दिवस, कशाच्या तुलनेत.

फोन करायच्या आधी एक करा. ऑगस्ट संपता संपता जवळच्या कुठल्याही कपाशीच्या वावरात जा, मालकाला विचारून. आधी फुलं बघा, पाकळ्या न उमलता गुलाबाच्या कळीसारखं चिकटून राहिलेलं फूल म्हणजे डोमकळी, ती उघडली की आत अळी. मग बोंडं धरली की एकरात फिरून वीस हिरवी बोंडं तोडा, एका झाडाचं एकच, दहा-पंधरा दिवसांची, बोटांनी दाबलं की थोडी दबतील अशी. सावलीत बसून एकेक फोडा. बाहेरून बोंड चकचकीत दिसेल, भोक दिसणार नाही, कारण अळी बारीक असतानाच शिरते आणि भोक बुजतं, आत सालीला बारीक फोडासारखी खूण आणि सरकीला पोखरलेलं दिसेल. लहान अळी पांढरी, डोकं काळपट, गुलाबी रंग नंतर येतो. वहीत तारीख, गाव, वाण, पेरणीची तारीख, शेवटची फवारणी लिहा आणि खाली एक ते वीस आकडे. वीसात दोन बोंडांत सापडली तर दहा टक्के झालं, मालकाला लगेच सांगा, वाट बघू नका. ज्या बोंडात काही सापडलं नाही त्याच्यासमोरची जागा मोकळी सोडू नका, शून्य लिहा.